रबराचा मळा, झुडपी जंगल आणि आपला कोरा सातबारा

समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात झाला की दोन दिवस बातम्या चालतात. सिमेंटचा तापलेला रस्ता, घासलेलं टायर, जास्त भरलेली हवा, यावर तज्ज्ञ बोलतात. टोलनाक्यावर टायर तपासण्याच्या मोहिमा निघतात. आमच्या सेलू तालुक्यातून हा रस्ता जातो, त्यामुळे या चर्चा आम्ही चहाच्या टपरीवर रोज ऐकतो. तिकडे बुटीबोरीच्या एमआयडीसीत टायरचा कारखाना आहे, आणि आपली बरीच पोरं त्या एमआयडीसीत कुठे ना कुठे कंत्राटावर राबतात. म्हणजे टायर आपल्या पोटाशी आणि जिवाशी, दोन्हीशी जोडलेलं आहे. पण त्या टायरमधलं रबर कोणाच्या जमिनीवर पिकतं आणि कोण पिकवतं, हा प्रश्न मी आजवर आपल्या एकाही मेळाव्यात ऐकलेला नाही.

सेलूच्या कापसाच्या वावरात बसून केरळच्या रबराची चौकशी कशाला, असं काही मित्र विचारतील. रबराच्या मळ्यात आपल्या लोकांचं जे झालं तेच इथे कापसाच्या वावरात झालं आहे. फरक इतकाच की तिथे ते एका कायद्याच्या एका कलमात लिहिलेलं सापडतं, आणि म्हणून जास्त स्पष्ट दिसतं.

आधी थोडा इतिहास. रबराचं झाड मूळचं ॲमेझॉनच्या जंगलातलं. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या आणि तिथून रोपं सिलोन, सिंगापूरला गेली. तिकडे आफ्रिकेत, काँगोमध्ये, बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा जंगली रबर गोळा करायला लावत होता. ठरलेला कोटा भरला नाही की माणसांचे हात तोडले जात, त्याचे फोटो आजही उपलब्ध आहेत. मलायातले मळे उभे राहिले ते तामिळ मजुरांच्या पाठीवर. त्यांना 'कंगाणी' म्हणजे मुकादम गावातून उचल देऊन घेऊन जायचा, आणि त्यांत अस्पृश्य जातींचा वाटा मोठा होता. भारतात व्यापारी लागवड १९०२ साली पेरियार नदीकाठी थट्टेकाड इथे सुरू झाली. जंगल तोडायला, डोंगरउतारावर खड्डे खणायला पुलया, पराया आणि तामिळ मुलखातून आणलेले दलित मजूर राबले. त्रावणकोरात गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८५५ साली. ज्यांचे आजोबा-पणजोबा जमिनीबरोबर विकले जात होते त्यांचीच मुलं-नातवंडं मळ्यावर आली. फक्त मालकाची भाषा मल्याळमऐवजी इंग्रजी झाली.

त्याच काळात अय्यनकाली उभे राहिले. १८९३ साली ते बैलगाडी घेऊन सार्वजनिक रस्त्यावरून गेले, ज्या रस्त्यावर पुलयाने पाऊल टाकणं गुन्हा होता. १९०७ साली त्यांनी साधु जन परिपालन संघ काढला. आमच्या मुलांना शाळेत घ्या, नाहीतर तुमच्या शेतात कामाला येणार नाही, असं सांगून त्यांनी शेतमजुरांचा संप घडवला. शाळेसाठी शेतमजुरांचा संप! आपल्याकडे शिक्षणाच्या गप्पा फार होतात, पण मजुरी हे शिक्षणासाठी हत्यार म्हणून वापरणारा हा माणूस आपल्या पोस्टरवर अजून नीट आलेला नाही.

आता मुख्य मुद्दा. केरळचा जमीन सुधारणा कायदा देशात सर्वांत पुढारलेला मानला जातो. १९६३चा कायदा, १९६९ची दुरुस्ती आणि १ जानेवारी १९७०पासून अंमलबजावणी. जमीनदारी गेली, कुळं मालक झाली. हे सगळं खरं आहे आणि त्याचं श्रेय द्यायला हरकत नाही. पण या कायद्यात दोन भोकं होती, आणि दोन्ही भोकांतून नेमका आपलाच माणूस खाली पडला.

पहिलं भोक म्हणजे जमीन कुळाला मिळाली. दलित कूळ नव्हताच. तो मजूर होता. शेतावर राबायचं, पण शेत खंडाने घ्यायचं नाही, अशी जातीची अटच होती. त्याला मिळाला तो झोपडीपुरता तुकडा, पंचायतीच्या हद्दीत १० सेंट, नगरपालिकेत ५, मोठ्या शहरात ३. शंभर सेंटचा एक एकर होतो. म्हणजे पिढ्यानपिढ्या भात लावणाऱ्याच्या वाट्याला एकराचा दहावा हिस्सा. त्यात घर बांधायचं, त्यातच मेलेल्याला पुरायचं. घराच्या ओट्याखाली, स्वयंपाकघराची भिंत फोडून मयत पुरावं लागल्याच्या घटना केरळच्या दलित वस्त्यांमध्ये घडल्या आहेत.

दुसरं भोक त्याहून मोठं. चहा, कॉफी, वेलदोडा, रबर यांच्या मळ्यांना जमीनधारणेची कमाल मर्यादाच लागू केली नाही. भाताचं शेत असेल तर मर्यादा, रबराचा मळा असेल तर सूट. कारण दिलं गेलं की मळे हा उद्योग आहे, तुकडे केले तर उत्पादन बुडेल, परकीय चलन बुडेल, कामगार बेकार होतील. त्यामुळे ज्या जमिनीवर दलित आणि आदिवासी सर्वांत जास्त राबले होते तीच जमीन वाटपाच्या बाहेर राहिली. 'मळा' हा एक शब्द कागदावर लिहिला आणि हजारो एकर सुरक्षित झाले.

हा कायदा करणारे मनुवादी नव्हते. ते लाल झेंडेवाले होते, त्यातले कित्येक तुरुंगात गेलेले, प्रामाणिक लोक होते. म्हणूनच हे उदाहरण आपण नीट अभ्यासायला हवं. वर्गाचा हिशेब मांडताना जात मोजली नाही की हिशेब कुठे चुकतो ते इथे आकड्यांत दिसतं. आपल्याकडेही तेच झालं. विदर्भात कूळकायदा १९५८ साली आला. कुळाला जमीन मिळाली, चांगलं झालं. पण पाटलाच्या वाड्यावर वर्षाच्या करारावर राबणारा सालदार कूळ नव्हता. त्याचं नाव कुठल्याच रकान्यात नव्हतं.

रबराबद्दल वर्तमानपत्रात जे येतं ते सगळं भावाबद्दल असतं. २०११ साली किलोला २४० रुपयांच्या घरात गेलेला भाव २०१६च्या सुरुवातीला शंभराच्या खाली आला, मग २०२४च्या ऑगस्टमध्ये पुन्हा २४०च्या वर गेला. देशात वर्षाला साडेआठ लाख टनांच्या आसपास रबर पिकतं, लागतं चौदा लाख टनांच्या आसपास. तुटीचं रबर बाहेरून येतं आणि आयात वाढली की इथला भाव पडतो. टायर कंपन्यांनी संगनमत करून टायरचे भाव ठरवले म्हणून स्पर्धा आयोगाने पाच कंपन्या आणि त्यांच्या संघटनेला मिळून १,७८८ कोटींचा दंड ठोठावला होता. तो आदेश २०२२ साली जाहीर झाला, आणि अपिलात प्रकरण पुन्हा आयोगाकडे आलं. शेतकऱ्याला कच्च्या मालाचा भाव मिळत नाही आणि गिऱ्हाईकाला टायर स्वस्त मिळत नाही, मधला पैसा कुठे जातो ते सांगायला नको. कापसाचंही तसंच. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं. नेमकी आपली पराटी फुटायची वेळ. हमीभाव ८,११० रुपये जाहीर करायचा आणि बंदराचं दार उघडं टाकायचं.

या लढाईत आपण कास्तकाराच्या बाजूने उभं राहायलाच हवं. आपल्यातही दोन-चार एकरवाले कास्तकार आहेत. पण ही मालकाच्या भावाची लढाई आहे, मजुराच्या मजुरीची नव्हे, हे विसरून चालणार नाही. भाव वाढला तर मजुरी आपोआप वाढते, असं कोणी सांगितलं तर त्याला वेचणीच्या दिवसांत वावरात पाठवा.

रबराच्या मजुराचं काम कसं असतं ते मुद्दाम सांगतो. थंड हवेत चीक जास्त वाहतो, म्हणून माणूस पहाटे अंधारात, कपाळाला दिवा बांधून निघतो. एकेका झाडापाशी थांबून सालीवर तिरपा, पातळ काप द्यायचा. काप उथळ गेला तर चीक येत नाही, खोल गेला तर झाडाला कायमची जखम होते. दिवसाला तीनशे-चारशे झाडं. मग तीच फेरी परत मारायची, नारळाच्या करवंटीत साचलेला चीक बादलीत ओतायचा, आम्ल घालून गोठवायचा, लाटायचा, धुरात वाळवायचा. लहान बागांमध्ये हिशेब झाडावर, आपल्याकडे वेचणीचा हिशेब किलोवर. रोज नाही, हजेरी नाही, पाऊस आला की खाडा. मळा कामगारांसाठी १९५१चा कायदा होता. त्यात घर, दवाखाना, पाळणाघर लिहिलेलं होतं. बाबासाहेब व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना १९४४ साली डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली जी मजूर चौकशी समिती नेमली गेली, त्या काळातल्या चौकश्यांतून अशा कायद्यांची जमीन तयार झाली. पण हा कायदा ठरावीक आकाराच्या आणि ठरावीक मजूरसंख्येच्या मळ्यालाच लागू होत होता, आणि भारतातलं बहुतेक रबर पिकतं एखाद्या एकराच्या बागेत. तिथला मजूर कायद्याच्या बाहेर. आता तर ते काम करायला झारखंड, आसाम, ओडिशातून लोक येतात. नावं बदलली, खालची पायरी तीच राहिली.

याच रबराच्या मळ्यात ४ ऑगस्ट २००७ रोजी भूमिहीन माणसं शिरली. ठिकाण चेंगरा, जिल्हा पत्तनमतिट्टा. मळा हॅरिसन्स मलयाळम कंपनीचा. संघटना साधु जन विमोचन संयुक्त वेदी, नेते लाहा गोपालन. नावातलं 'साधु जन' अय्यनकालींच्या संघाची आठवण देणारं. हजारो कुटुंबांनी रबराच्या झाडांमध्ये प्लास्टिकच्या झोपड्या टाकल्या. बहुसंख्य दलित. मागणी होती शेतीयोग्य जमिनीची, कुटुंबाला पाच एकर. आम्हाला कॉलनीत आणखी एक घर नको, कसायला जमीन द्या. पोलीस हटवायला येणार असं दिसलं तेव्हा लोक गळ्यात फास अडकवून रबराच्या झाडांवर चढले, बायका रॉकेलचे डबे घेऊन उभ्या राहिल्या.

आणि मग जे झालं ते मला सर्वांत जास्त बोचतं. २००८ साली या लोकांची वाट अडवली ती मळ्यातल्या कामगार संघटनांनी. एकमेकांशी भांडणारे झेंडे तिथे एकत्र आले. आत धान्य जाऊ देईनात, आजाऱ्याला बाहेर येऊ देईनात. आंदोलनामुळे चीक काढणं बंद पडलं, आमची मजुरी बुडाली, ही कामगारांची तक्रार होती. ती खोटी नव्हती. त्या कामगारांतही दलित होते. म्हणजे कंपनीला बोटही उचलावं लागलं नाही. ज्याला मजुरी आहे तो आणि ज्याला मजुरीही नाही तो, असे दोन भुकेले समोरासमोर उभे राहिले. जात ही कामाची नव्हे तर कामगारांचीच विभागणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच समजावून सांगितलं होतं. चेंगऱ्यात ते एका नाक्यावर उभं राहून बघता आलं असतं.

ऑक्टोबर २००९ मध्ये मुख्यमंत्री अच्युतानंदन यांच्या सरकारशी करार झाला. सुमारे दीड हजार कुटुंबांना जमीन द्यायचं ठरलं, पाच एकर नव्हे, एकराच्या आतबाहेर. कागद मिळाले. पण जमीन वेगवेगळ्या जिल्ह्यांत, कुठे खडक, कुठे रस्ता नाही, कुठे पाणी नाही. बरेच लोक परत चेंगऱ्यालाच आले. तिथे राहिलेल्यांना कित्येक वर्षं वीज नाही, शिधापत्रिका नाही. तिकडे कंपनीच्या मालकी हक्कावर सरकारनेच शंका घेतली. खास अधिकारी नेमून ३८,००० एकर परत घेण्याचे आदेश निघाले, आणि २०१८ साली केरळ उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. मालकीचा निवाडा असा करता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. कंपनीच्या हक्काचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या वाटेने संथपणे चालतो. झोपडीवाल्याचा निवाडा एका नोटिशीत होतो.

मळ्यांचे तुकडे केले तर उद्योग बुडेल, हा युक्तिवाद मला मान्य नाही, आणि यासाठी परदेशात जायची गरज नाही. त्याच केरळात, पुनलूरला, १९७६ साली रिहॅबिलिटेशन प्लांटेशन्स ही सरकारी कंपनी काढली गेली. श्रीलंकेतून परत पाठवलेल्या तामिळ मजुरांना रबराच्या मळ्यावर काम आणि घर देण्यासाठी. त्रिपुरात झूम शेती करणाऱ्या आदिवासींना रबर लावून देऊन वसवण्यासाठी सरकारने महामंडळ काढलं, आणि आज रबरात त्रिपुरा देशात केरळच्या खालोखाल आहे. म्हणजे सरकारने ठरवलं तर मळाही टिकतो आणि भूमिहीनही उभा राहतो. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी शेती हा राज्याचा उद्योग मानून जमीन सामूहिकपणे कसायला द्या, जातधर्म न पाहता द्या, असं मांडलं होतं. त्यांना तुकड्यांच्या शेतीचा धोका १९१८पासून दिसत होता, त्या विषयावर त्यांचा निबंधच आहे. चेंगऱ्याच्या पाच एकरांच्या मागणीशी माझं इथे थोडं मतभेदाचं नातं आहे. मळा अख्खा ठेवून तो भूमिहीन आणि मळा कामगार यांच्या एकत्रित सहकारी संस्थेच्या ताब्यात मागितला असता, तर नाक्यावरची ती नाकेबंदी करणं संघटनांना अवघड गेलं असतं. पण उपाशी माणसाने मागणी कशी लिहायची हे सेलूत बसून मी शिकवू नये, हेही मला कळतं.

आता आपल्या दारात या. २०२४च्या जूनमध्ये केरळचे मंत्री के. राधाकृष्णन यांनी पद सोडताना शेवटचा आदेश काढला, दलित-आदिवासी वस्त्यांना 'कॉलनी' म्हणायचं नाही. आपल्याकडे डिसेंबर २०२०मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, समतानगर, भीमनगर अशी नावं आली. दोन्ही निर्णय चांगले. पाटी बदलली, पाटीखालची जमीन मात्र तेवढीच आहे.

केरळात जसा 'मळा' हा शब्द, तसे आपल्याकडे दोन शब्द आहेत, 'ई-क्लास' आणि 'झुडपी जंगल'. धुऱ्याशिवाय ज्यांना काही माहीत नव्हतं अशा आपल्या लोकांनी साठ-सत्तरच्या दशकात गावाबाहेरची पडीक जमीन फोडली. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९च्या आणि १९६४च्या सत्याग्रहात लाखो माणसं तुरुंगात गेली, त्यातून हे बळ आलं. त्याच दबावातून पुढे १९९१ साली शासन निर्णय निघाला की १४ एप्रिल १९९०पर्यंतची मागासवर्गीयांची गायरानावरची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करावीत. तारीख बघा कोणती निवडली. पण कित्येकांचा सातबारा अजून कोराच आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या आदेशाने दिलेल्या जमिनीचा अपवाद ठेवलेला आहे. नोटीस बजावताना मात्र तो परिच्छेद कोणी वाचत नाही.

त्यावर २२ मे २०२५चा निकाल आला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली झुडपी जंगलाची जमीन वन समजली जाईल. १२ डिसेंबर १९९६च्या आधी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींना संरक्षणाची वाट ठेवली आहे. त्यानंतरच्या वाटपांची चौकशी होणार. जंगल वाचलं पाहिजे, यात वाद नाही. बोर अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या आम्हाला जंगलाचं मोल कोणी शिकवू नये. पण ज्याच्याकडे वाटपाचा कागदच नाही, फक्त तीस-चाळीस वर्षांची मशागत आहे, त्याचं काय?

कोणी म्हणेल, सबलीकरण योजना आहे ना. आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्याच नावाने २००४पासून आहे. भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती, आणि २०१८पासून पूर्ण अनुदानावर. पण कोरडवाहू एकराला पाच लाख आणि बागायतीला आठ लाख ही मर्यादा. समृद्धी महामार्ग आल्यावर सेलूच्या आसपास या भावात चांगली जमीन विकायला कोण तयार होतो? जी मिळते ती चेंगऱ्याच्या लोकांना मिळाली तशी, मुरूम आणि दगड. ज्या रस्त्याने जमिनीचा भाव वाढवला त्याच रस्त्याने योजना मारली.

वस्तीतल्या कार्यकर्त्यांना एक काम सांगतो. ज्यांच्या ताब्यात ई-क्लास किंवा झुडपीची जमीन आहे, त्यांच्या घरातल्या जुन्या ट्रंका उघडा. अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या शोधा. तलाठ्याने तेव्हा धमकावून दोन-पाच रुपयांचा दंड घेतला असेल, आणि आजीने ती पावती लाजेने लपवून ठेवली असेल. त्यावर तारीख असते, गट क्रमांक असतो. १४ एप्रिल १९९० आणि १२ डिसेंबर १९९६ या दोन तारखा वहीत लिहून घ्या आणि प्रत्येक पावती त्यांच्याशी ताडून पाहा. मूळ पावती कोणाला देऊ नका, छायांकित प्रत काढा. आमच्या वस्तीत आजवर अकरा घरांच्या ट्रंका उघडून झाल्या, चार घरांत पावत्या निघाल्या. एक तर देव्हाऱ्यातले देव काढले त्या दिवसापासून कोनाड्यात बाबासाहेबांच्या फोटोमागे घडी करून ठेवलेली होती.